प्रकाशीय तंतूतील प्रकाशाचा प्रवास आणि वर्णीय अपस्करणाचे व्यवस्थापन

कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्रात प्रकाशीय तंतूला साधारणपणे एखादे पान मिळते. पूर्ण आंतरिक परावर्तनाचे प्रकरण संपत आलेले असते, मृगजळ आणि हिऱ्याची चकाकी सांगून झालेली असते आणि शेवटचा उपयोग म्हणून काचेच्या तंतूची आकृती येते: दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये नागमोडी टप्पे घेत जाणारा एक किरण. आकृती सोपी आहे, परीक्षेत गुणही देते. पण हाच विद्यार्थी पुढे कम्युनिटी कॉलेजातील तंतू-जोडणीचा अभ्यासक्रम पूर्ण करून कामावर रुजू झाला, की त्याच्यासमोर एक कोडे उभे राहते. शक्तिमापकावर पुरेसा प्रकाश पोहोचल्याचे दिसते, सांध्यांमधील घट मर्यादेत असते, तंतू कुठे तुटलेला किंवा मुरगळलेला नसतो, आणि तरीही दुसऱ्या टोकाचे यंत्र संदेश चुकीचा वाचते. त्या नागमोडी आकृतीत याचे उत्तर सापडत नाही. प्रकाश पोहोचणे आणि संदेश पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला आधी कळले पाहिजे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे वर्णीय अपस्करणाचा, विचार केला आहे.

प्रकाश आत का राहतो

पहिल्या गोष्टीसाठी फार वेळ खर्च करण्याची गरज नाही. १८४० च्या दशकाच्या आरंभी जिनिव्हा येथे दानिएल कोलादों यांनी आणि १८५४ मध्ये लंडन येथे जॉन टिंडल यांनी पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूस भोक पाडून, समोरून लेझर पॉइंटर धरला की हा प्रयोग कोणत्याही वर्गात पाच मिनिटांत होतो. घन माध्यमातून विरल माध्यमाकडे जाणारा किरण क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनाने सीमेवर आदळला, तर तो बाहेर पडत नाही. तंतूत घन माध्यमाचे काम गाभा करतो आणि विरल माध्यमाचे काम त्याच्याभोवतीचे काचेचेच आवरण करते. दोहोंच्या अपवर्तनांकांत फरक अगदी थोडा असतो. दूर पल्ल्याच्या तंतूत तो एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे क्रांतिक कोन सुमारे ८५ अंशांचा येतो. म्हणजे अक्षाशी पाचेक अंशांच्या आत असलेला प्रकाशच टिकतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत किरण ४५ अंशांत उड्या मारताना दिसतो, ते केवळ चित्रकाराच्या सोयीसाठी.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. त्यांचा शोधनिबंध १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मात्र ते अंतर छोटे होते. दूरसंचारासाठी काच फारच मलिन होती. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की हा दोष काचेतील अशुद्धींचा आहे, आणि घट किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत उतरवता आली तर तंतू उपयोगी पडेल. २० डेसिबेल म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश उरणे. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १७ डेसिबेलचा तंतू ओढला, आणि १९७० चे दशक संपता संपता जपानमध्ये ही घट १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर ०.२ डेसिबेलवर आली. काव यांनी ज्या एका टक्क्याची अपेक्षा एका किलोमीटरनंतर धरली होती, तो एक टक्का आता १०० किलोमीटरनंतर उरतो. काव यांना याबद्दल २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे याची सुरुवात पुण्यात झाली. १९७९ मध्ये तेथील स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी देशातील पहिली प्रकाशीय तंतू प्रणाली कार्यान्वित झाली. पुढे मराठवाड्यात, त्या काळच्या औरंगाबादजवळ, वाळूज येथे तंतू ओढण्याचा आणि शेंद्रा येथे त्यासाठी लागणारी काचेची कांडी बनवण्याचा उद्योग उभा राहिला. ही कांडी सुमारे २००० अंश सेल्सिअसला मऊ करून तिच्यातून केसाएवढा तंतू ओढतात. कांडीतील गाभा आणि आवरण यांचे प्रमाण तंतूतही तसेच उतरते. मराठी माध्यमाच्या किती विद्यार्थ्यांना ही गोष्ट ठाऊक असते, हा एक प्रश्नच आहे.

एकाच वेळी निघालेले एकाच वेळी पोहोचत नाहीत

आता कोड्याकडे येऊ. संदेश म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांची रांग: स्पंद आहे तर एक, नाही तर शून्य. समजा, शाळेची मुले गटागटाने, दर दोन मिनिटांनी एक गट याप्रमाणे, नारायणगुड्याहून चारमिनारकडे पायी पाठवली. निघताना प्रत्येक गट एकत्र असतो. काही मुले भराभर चालतात, काही रेंगाळतात. आबिड्सपर्यंत गट लांबट होतात, पण वेगळे ओळखू येतात. चारमिनारला पोहोचेपर्यंत मागच्या गटातील चपळ मुले पुढच्या गटातील रेंगाळलेल्या मुलांत मिसळलेली असतात. एकही मूल हरवलेले नाही, हजेरी पूर्ण आहे, पण कोण कोणत्या गटाचा हे सांगता येत नाही. शक्तिमापक फक्त हजेरी घेतो. गट मोडले आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही.

स्पंद असा का पसरतो, याची पहिली कारणमीमांसा त्याच नागमोडी आकृतीतून मिळते. गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा असेल तर प्रकाशाला अनेक मार्ग उपलब्ध असतात. सरळ जाणारा आधी पोहोचतो, तिरका उशिरा. अपवर्तनांकातील फरक एक टक्का धरला, तर सर्वांत जलद आणि सर्वांत मंद मार्गांत दर किलोमीटरला सुमारे ५० नॅनोसेकंदांचे अंतर पडते. दहा किलोमीटरला ते ५०० नॅनोसेकंद होते, म्हणजे सेकंदाला वीस लाख स्पंदसुद्धा वेगळे ठेवणे अवघड. गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू कमी करत नेल्यास लांबच्या मार्गाने जाणारा प्रकाश विरल काचेतून वेगाने जातो आणि हा फरक पुष्कळ कमी होतो. पण मुळावर घाव घालायचा तर मार्गच एक ठेवला पाहिजे. गाभा आठ-नऊ मायक्रोमीटरचा केला की १२६० नॅनोमीटरपेक्षा मोठ्या तरंगलांबीच्या प्रकाशाला एकच रूप धारण करून जाता येते. यालाच सिंगल मोड तंतू म्हणतात.

येथे अध्यापकाने नागमोडी किरण फळ्यावरून पुसून टाकावा असे मला वाटते. गाभा तरंगलांबीच्या सहा-सात पटच रुंद असेल तर किरण ही कल्पनाच लागू पडत नाही. प्रकाश तेथे एका सलग ठिपक्यासारखा सरकतो. त्याचा काही भाग गाभ्यात आणि काही भाग आवरणातही असतो. हा 'आवरणातला भाग' पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वर्णीय अपस्करण

मार्ग एकच ठेवला तरी स्पंद पसरतोच, कारण स्पंदात एकच रंग नसतो. लेझर कितीही शुद्ध असला, तरी तो चालू-बंद करताना त्याच्या प्रकाशाला काही रुंदी येते, आणि जितक्या वेगाने चालू-बंद करावे तितकी ही रुंदी वाढते. सेकंदाला १० गिगाबिट, म्हणजे १००० कोटी बिट, पाठवायचे तर १५५० नॅनोमीटरजवळ किमान ०.०८ नॅनोमीटरची रुंदी येते. या एवढ्याशा पट्ट्यातील वेगवेगळ्या तरंगलांबी काचेतून वेगवेगळ्या वेगांनी जातात. लोलक सूर्यप्रकाश फोडतो, त्याच गुणधर्माची ही दुसरी बाजू आहे. लोलकात रंग जागेने वेगळे होतात, तंतूत वेळेने.

संज्ञेबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण हैदराबादच्या वर्गात ते टाळता येत नाही. मराठीत आपण या घटनेला अपस्करण म्हणतो आणि प्रकाश विखुरण्याला विकिरण. हिंदीत मात्र विकिरण म्हणजे आपले प्रारण, आणि विखुरण्याला प्रकीर्णन म्हणतात. हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चार वाटांनी आलेली मुले एका बाकावर बसली की 'विकिरण' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. उस्मानिया विद्यापीठासाठी याच शहरात १९१७ मध्ये दारुत्तर्जुमा स्थापन झाले, तेव्हा विज्ञानाच्या परिभाषेचा प्रश्न किती गांभीर्याने घेतला गेला होता हे आठवते. आपण निदान संज्ञा फळ्यावर लिहून तिचा अर्थ एकदा ठरवून घ्यावा.

वर्णीय अपस्करणाचे दोन घटक आहेत. पहिला काचेचा स्वतःचा. काचेचा अपवर्तनांक तरंगलांबी वाढेल तसा कमी होत जातो, हे लोलकावरून ठाऊक असते. त्यावरून तांबडा नेहमीच जलद असावा असे वाटते. परंतु स्पंदाचा वेग एकेका तरंगाच्या वेगावर ठरत नाही, तर सर्व तरंग मिळून बनलेल्या समूहाच्या वेगावर ठरतो. शुद्ध सिलिका काचेत हा समूहवेग सुमारे १२७० नॅनोमीटरला सर्वाधिक असतो आणि त्यापलीकडे पुन्हा घटू लागतो. म्हणून १५५० नॅनोमीटरजवळ लोलकाच्या अनुभवाच्या उलट घडते: जास्त तरंगलांबीचा प्रकाश मागे पडतो. दुसरा घटक तंतूच्या रचनेचा. तरंगलांबी वाढली की प्रकाशाचा ठिपका मोठा होतो, त्याचा जास्त भाग आवरणात शिरतो आणि वेग बदलतो. दोन्ही घटकांची बेरीज होऊन साध्या सिंगल मोड तंतूत अपस्करण १३१० नॅनोमीटरजवळ शून्य होते.

निसर्गाने येथे अभियंत्यांची थोडी थट्टाच केली आहे. अपस्करण १३१० ला शून्य, पण घट तेथे किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबेल. घट सर्वांत कमी, ०.२ डेसिबेल, ती १५५० ला. पण तेथे अपस्करण १७. या १७ चे एकक असे वाचावे: एक नॅनोमीटर रुंदीचा स्पंद एक किलोमीटर गेला की १७ पिकोसेकंद पसरतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लक्ष कोटीवा भाग. १९८७ मध्ये अर्बियम मिसळलेल्या तंतूचा प्रकाशीय वर्धक आला. तो १५३० ते १५६५ या पट्ट्यातच उत्तम चालतो, त्यामुळे दूर पल्ल्याच्या वाहतुकीने १५५० ची बाजू घेतली आणि १७ चा आकडा कायमचा मागे लागला.

हैदराबाद ते पुणे: एक उदाहरण

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा. हैदराबादहून पुण्यापर्यंतचा तंतूमार्ग ६०० किलोमीटरचा धरू. काचेत प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पूर्ण प्रवास ३ मिलिसेकंदांत. दर ८० किलोमीटरला वर्धक ठेवला, तर शक्तीचा प्रश्न सुटतो. आता पसरण पाहू.

वेग २.५ गिगाबिट असताना एका बिटाला ४०० पिकोसेकंद मिळतात आणि प्रकाशाची रुंदी सुमारे ०.०२ नॅनोमीटर असते. पसरण १७ × ०.०२ × ६००, म्हणजे २०४ पिकोसेकंद. ४०० च्या घरात २०४ मावते. आता त्याच तंतूवर वेग १० गिगाबिट करू. बिटाचे घर १०० पिकोसेकंदांचे झाले आणि रुंदी ०.०८ झाली. पसरण १७ × ०.०८ × ६००, म्हणजे ८१६ पिकोसेकंद. प्रत्येक बिट शेजारच्या आठ घरांत पसरला. वेग चौपट केला, पण अडचण सोळापट झाली, कारण घर चौथाई झाले आणि रुंदीही चौपट झाली. ४० गिगाबिटला हाच आकडा सुमारे १३० घरांवर जातो. केबल तीच, सांधे तेच, शक्तीही तीच. फक्त दोन टोकांची यंत्रे बदलली आणि कालपर्यंत निर्दोष असलेला मार्ग चुका करू लागला. लेखाच्या आरंभीचे कोडे हेच. लेझर बाहेरून नियंत्रित न करता त्याचा विद्युतप्रवाहच चालू-बंद केला तर रंग आणखी सरकतो आणि परिस्थिती याहून वाईट होते.

शून्याचा मोह आणि त्याची किंमत

साहजिकच पहिला विचार असा आला की शून्य अपस्करणाचे ठिकाणच १५५० ला न्यावे. गाभ्याची रचना बदलून दुसरा घटक वाढवला की हे साधते. १९८० च्या दशकात असे तंतू तयार झाले आणि जपानसारख्या देशांत मोठ्या प्रमाणावर घातलेही गेले. एका तंतूत एकच रंग पाठवायचा होता तोवर ते उत्तम होते. मग एका तंतूत अनेक रंग, प्रत्येकाचा स्वतंत्र संदेश, अशी पद्धत आली, आणि शून्यच अंगाशी आले. तीव्र प्रकाश काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो. त्यातून तीन रंग मिळून चौथा रंग निर्माण करतात. रंग समान अंतरावर असतील तर हा चौथा नेमका एखाद्या कामाच्या रंगावर येऊन बसतो. सर्व रंग एकाच वेगाने, हातात हात घालून चालत असतील तर ही भेसळ किलोमीटरगणिक साचत जाते. रंगांचे वेग थोडे वेगळे असतील तर भेसळीचे ताल जुळत नाहीत आणि ती वाढत नाही. म्हणजे जे अपस्करण एका रंगाचा संदेश बिघडवते, तेच अनेक रंगांना एकमेकांपासून वाचवते. १९९० च्या दशकात म्हणूनच असे तंतू निघाले ज्यांत अपस्करण कमी होते, पण मुद्दाम शून्य ठेवलेले नव्हते.

व्यवस्थापन हा शब्द येथून सार्थ होतो. अपस्करण वाटेत असू द्यायचे आणि टप्प्याच्या शेवटी हिशेब चुकता करायचा. मुलांच्या सहलीत चपळ मुलांना शेवटी लांबच्या गल्लीतून पाठवावे, रेंगाळणाऱ्यांना जवळच्या, म्हणजे गट पुन्हा जुळतो. यासाठी ऋण अपस्करणाचा तंतू वापरतात. ८० किलोमीटरला १७ प्रमाणे १३६० साचले. भरपाईच्या तंतूचे अपस्करण उणे १०० असेल, तर त्याचे १३.६ किलोमीटर पुरतात. हा तंतू जमिनीत पुरत नाहीत, तो गुंडाळून डब्यात बंद करून केंद्रातल्या मांडणीवर ठेवतात. मात्र तो फुकट मिळत नाही. त्याची घट किलोमीटरला अर्धा डेसिबेल धरली तर डबा सुमारे सात डेसिबेल खातो, म्हणून वर्धकाचे काम वाढते. गाभा बारीक असल्याने त्यात प्रकाश दाटतो आणि काचेचे वर सांगितलेले उपद्रव तेथे लवकर सुरू होतात. शिवाय १५३० ला अपस्करण १६ च्या आसपास आणि १५६५ ला १८ च्या आसपास असल्याने मधल्या रंगाचा हिशेब जुळला तरी कडेच्या रंगांचा जुळत नाही. हजार किलोमीटरला हा फरक २००० पर्यंत जातो. १० गिगाबिटची प्रणाली एकूण हजारेकच सहन करते. याला पर्याय म्हणून तंतूतच सूक्ष्म जाळी कोरतात, जी एका रंगाला अलीकडून आणि दुसऱ्याला पलीकडून परतवते. ती जागा आणि शक्ती दोन्ही वाचवते, पण साध्या गुंडाळीइतकी एकसारखी वागत नाही.

२०१० च्या आसपास १०० गिगाबिटची नवी यंत्रे आली आणि चित्र पालटले. ती केवळ प्रकाशाचा कमी-जास्तपणा मोजत नाहीत. ग्राहक टोकाला स्वतःचा लेझर ठेवून आलेल्या तरंगाची तीव्रता आणि कला दोन्ही नोंदवतात. कला कळली की अपस्करणाने काय केले हे गणिताने उलटवता येते, कारण अपस्करण काहीही नष्ट करत नाही, फक्त प्रत्येक रंगाला ठरावीक उशीर लावते. ते काम आता चिपमध्ये होते आणि हैदराबाद–पुणे मार्गाचे १०,२०० तिला किरकोळ वाटतात. त्यामुळे नव्या मार्गांवर भरपाईचे डबे लागत नाहीत. गंमत अशी की १७ वाला साधा, जुन्या पद्धतीचा तंतूच या यंत्रांना जास्त मानवतो, कारण मोठ्या अपस्करणामुळे रंगांची आपसांतील भेसळ कमी राहते. शून्याच्या मागे लागून ज्यांनी महागडे तंतू पुरले, त्यांच्यापेक्षा ज्यांनी साधे पुरले ते आज फायद्यात आहेत.

जुन्या मार्गावर नवी यंत्रे बसवताना तंत्रज्ञाला हे ठाऊक असले पाहिजे. डबा काढला की सात डेसिबेलची घट नाहीशी होते. वर्धकाची पातळी त्याप्रमाणे खाली आणली नाही, तर पुढच्या टप्प्यात जादा शक्ती शिरते. उलट, त्याच तंतूवर अजून १० गिगाबिटचे जुने रंग चालू असतील तर डबा काढताच ते बंद पडतात. सांधे आणि घट दाखवणारे ओटीडीआर हे नेहमीचे यंत्र यातले काहीच दाखवत नाही. वर्णीय अपस्करण मोजण्याचे उपकरण वेगळे असते, आणि ते प्रयोगशाळेत नसेल तर निदान वरील हिशेब तरी वहीत असावा.

राहता राहिला गल्लीतला तंतू. नारायणगुड्याच्या खांबांवरून लोंबणाऱ्या काळ्या केबलींच्या जुडग्यांपैकी घरोघरी जाणाऱ्या तंतूचा पल्ला २० किलोमीटरच्या आत असतो. रूढ प्रणालीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून जाणारा १३१० चा, वेग २.५ गिगाबिटपर्यंत. येथे पसरण ४०० पैकी पाच-सात पिकोसेकंद येते, म्हणून गल्लीत काम करणाऱ्याला या विषयाची गरज नाही असे आजवर म्हणता येत होते. पण १० गिगाबिटच्या घरगुती प्रणालीत येणारा प्रकाश १५७७ नॅनोमीटरचा आहे. तेथे अपस्करण १८ च्या वर आहे, आणि २० किलोमीटरला १०० पिकोसेकंदांच्या घरातील सुमारे ३० पिकोसेकंद पसरणातच जातात.